निखाऱ्यावरची सुट्टी

आज सगळे अंगणात जमलो आणि अख्खा स्वयंपाक निखाऱ्यांवरच केला. उन्हाळ्यात जेवण सोपंच हवं, हे माझं ठाम मत! कणसं पानांसकट पाण्यात भिजवून थेट जाळीवर ठेवली. वरची पानं करपली, आतले दाणे मात्र वाफेवर शिजून रसरशीत. त्यावर लोणी, मीठ, लिंबू, बस्स! चिकनला दही-लसूण रात्रीच चोळून ठेवलं होतं. ते शिजलंय की नाही, हे नुसत्या रंगावरून ठरवू नका हं. आतलं तापमान 74 अंश सेल्सिअस व्हायलाच हवं. भाज्या ओवायच्या बांबूच्या काड्या अर्धा तास भिजवल्या की सहसा जळत नाहीत. कलिंगड-पुदिन्याची परात तर मुलांनी बघता बघता फस्त केली. उरलेलं लगेच फ्रिजमध्ये टाकलं. पारा 32 अंशांपुढे असेल तर शिजवलेलं अन्न तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नका.