यू-मॅटिकची फीत किंचाळते तेव्हा

डेकमधून, म्हणजे फीत चालवणाऱ्या यंत्रातून, बारीक ‘कींऽऽ’ ऐकू आलं की चित्र कितीही झकास दिसत असो, स्टॉप दाबायचा. त्या दिवशी तो आवाज चौथ्याच मिनिटाला आला. संग्रहालयाच्या कपाटातली पाऊण इंची यू-मॅटिक, म्हणजे जुन्या धाटणीची व्हिडिओ कॅसेट, ६० मिनिटांची, लेबलवर एवढंच: ‘दशावतार, रात्रीचा प्रयोग’. दुसरी प्रत नाही.

डेक उघडला तर हेड ड्रमवर, म्हणजे चित्र वाचणाऱ्या फिरत्या नळकांड्यावर, तपकिरी चिकटा. फितीचा पाया पॉलिएस्टरचा असतो, त्याला सहसा काही होत नाही. चुंबकीय भुकटी धरून ठेवणारं पॉलियुरेथेनचं बाइंडर मात्र वर्षानुवर्षं हवेतली ओल पितं आणि चिकट होतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर विचारूच नका. अशी फीत रेटून चालवली की भुकटी सुटते, आणि भुकटीबरोबर चित्रही जातं.

ड्रम पुसायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि शॅमॉय चामडं. चामडं स्थिर धरायचं आणि ड्रम हातानं सावकाश फिरवायचा. वर-खाली घासलं की हेडचं फेराइटचं टोक तुटतं. फीत पुढे ओढणाऱ्या रबरी पिंच रोलरला अल्कोहोल नको, रबर कडक होतं.

मग बाइंडरमधली ओल घालवायला कॅसेट भट्टीत. बुरशी नाही ना, हे आधी बघितलं. बुरशीवाली फीत आधी साफ करावी लागते. पंखा असलेली प्रयोगशाळेची भट्टी, ५० अंश सेल्सिअस, १० तास. भट्टीच्या काट्यावर भरवसा न ठेवता आत वेगळा थर्मामीटर ठेवला. स्वयंपाकाचा ओव्हन नको, त्याचं तापमान फार हेलकावतं. नंतर रात्रभर खोलीतच निववली. भाजल्याचा गुण काही आठवडेच टिकतो, म्हणून ‘जरा चालवून बघू’ हा प्रकार नाही. पहिल्या फेरीलाच कॅप्चर, म्हणजे संगणकात उतरवून घेणं. त्याआधी कॅसेटच्या पोटावरचं लाल बटण काढलं, म्हणजे चुकूनही रेकॉर्डिंग होणार नाही.

पातळी जुळवायला वापरतात तो रंगीत पट्ट्यांचा नमुना सुरुवातीला नव्हताच. पेट्रोमॅक्सच्या उजेडात देवाचा मुकुट पांढराफटक होत होता, म्हणून वेव्हफॉर्म (उजेडाचा आलेख) बघत टाइम बेस करेक्टरवर, म्हणजे डेकचा डळमळता सिग्नल स्थिर करणाऱ्या यंत्रावर, व्हिडिओची पातळी खाली आणली. कॅप्चर करतानाच कापला गेलेला पांढरा नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरला परत आणता येत नाही. ध्वनीचे दोन ट्रॅक वेगळेच ठेवले. एकावर मृदंग जवळून, दुसऱ्यावर प्रेक्षकांची कुजबुज. मिसळले असते तर मृदंग बुडाला असता.

३८व्या मिनिटाला चित्रात पांढऱ्या ठिपक्यांचा बर्फ पडायला लागला. हेड तुंबलं होतं. थांबवलं, पुसलं, फीत दोन मिनिटं मागे घेतली आणि दुसरी फाइल सुरू केली. मूळ दोन्ही फायली तशाच ठेवल्या, जोड फक्त बघायच्या प्रतीत.

पॅल, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या टीव्ही पद्धतीचं, १० बिट आणि अजिबात न दाबलेलं (अनकंप्रेस्ड) चित्र म्हणजे तासाला जवळपास १०० जीबी. एफएफव्ही१ या व्हिडिओ दाबायच्या पद्धतीत, काहीही न गमावता, ते निम्म्याच्या आसपास येतं. चेकसम (फाइल बदलली तर कळावं म्हणून काढलेला आकडा) काढून दोन डिस्कवर ठेवलं, त्या दोन वेगवेगळ्या इमारतींत. कॅसेटच्या लेबलवर पेन्सिलीनं ‘भाजली’ आणि तारीख लिहून ती पुन्हा कपाटात, उभी.