‘हो’ म्हणायची सवय

बौद्धिक दिव्यांगता असलेल्या मोठ्या माणसांना स्वतःचे निर्णय स्वतः घ्यायला शिकवणाऱ्या आमच्या गटात नवीन कोणी आलं की पहिल्याच तासाला मी दोन प्रश्न विचारते. आधी, “तुम्हाला इथं यायला आवडतंय का?” मग दुसऱ्या कशावर तरी बोलून झालं की, “तुम्हाला इथं यायचा कंटाळा येतोय का?” बऱ्याच जणांकडून दोन्हींना “हो” येतं. नजर माझ्या चेहऱ्यावर असते. मला कोणतं उत्तर हवंय, याचा अंदाज चाललेला असतो.

हे जुनं निरीक्षण आहे. संशोधक कॅरोल सिगेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्येच ते मांडलं होतं. बौद्धिक दिव्यांगता असलेल्या व्यक्तींना एकच गोष्ट उलटसुलट विचारली, तर बरेच जण दोन्ही वेळा होकार देतात. म्हणून मी हो-नाहीच्या प्रश्नावर कधीच थांबत नाही. दोन पर्याय समोर ठेवते, शक्यतो चित्रांत. त्यातही शेवटी उच्चारलेला पर्याय उचलणारे असतात, म्हणून थोड्या वेळाने क्रम उलटा करून पुन्हा विचारते. वेळ जातो. पण एखाद्याच्या आयुष्याबद्दल त्याचं मत घ्यायचं असेल, तर तेवढा वेळ द्यायलाच हवा.

ही सवय कोणी जन्माला घेऊन येत नाही. कधी उठायचं, काय घालायचं, कुणाशेजारी बसायचं, कुठं दुखतंय हे डॉक्टरांना कुणी सांगायचं, सगळं ज्याच्यासाठी दुसऱ्यांनी ठरवलेलं असतं, त्याला लवकरच कळतं की “हो” म्हटलं की प्रसंग मिटतो. आमच्या क्षेत्रातही “गुणी आहे, सांगू ते ऐकतो” असा शेरा कौतुकाने दिला जातो. मला तो शेरा वाचला की काळजी वाटते. ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१२ साली आलेल्या एका आढाव्यात मानसिक किंवा बौद्धिक दिव्यांगता असलेल्या मुलांवर लैंगिक अत्याचार होण्याची शक्यता इतर मुलांच्या ४.६ पट दिसली. दोष अत्याचार करणाऱ्याचाच, त्यात शंका नाही. पण सांगू ते ऐकायचं एवढंच ज्याला वर्षानुवर्षं शिकवलं, त्याने नेमक्या त्या क्षणी नकार द्यावा ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करायची?

त्यामुळे स्वयंनिर्णयाचं आमचं प्रशिक्षण नकारापासून सुरू होतं. तोही अगदी साधा. “गाणं लावू का?” “नको.” की गाणं लागत नाही. नकार दिला आणि खोलीत लगेच काहीतरी बदललं, हा अनुभव पुष्कळांना मोठेपणी पहिल्यांदाच येतो. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी ‘नको’चं कार्ड असतं, बटण असतं, मान फिरवणं असतं. एका ताईंनी हे कार्ड हाती आल्यावर सगळ्यालाच नकार द्यायला सुरुवात केली, आवडत्या गोष्टींनासुद्धा. घरचे हबकले, वागणूक बिघडली म्हणाले. मी त्यांना एवढंच सांगितलं, की औषधं आणि जिवाला धोका सोडून प्रत्येक नकार पाळा. ताई खात्री करून घेत होत्या, की हे कार्ड खरंच चालतं का. खात्री पटल्यावर त्या ते निवडून वापरू लागल्या.

पुढचा टप्पा ध्येय ठरवण्याचा. यासाठी संशोधक मायकल वेहमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेली एक पद्धत मला फार उपयोगी पडते. तिचे तीन टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्याला एक मोठा प्रश्न आहे. माझं ध्येय काय? माझी योजना काय? मी काय शिकलो? प्रत्येकाखाली चार छोटे प्रश्न, म्हणजे एकूण बारा. प्रश्न शिकणाऱ्याच्या तोंडचे आहेत, ही त्यातली मुख्य गोष्ट. शिक्षकाने उत्तर पुरवायचं नाही, उत्तर सापडेल अशी मदत करायची. प्रश्नांची भाषा शिकणाऱ्याला झेपेल अशी बदलता येते, चित्रं वापरता येतात. तिसऱ्या टप्प्यावर ध्येय गाठलं नसेल तर योजना बदलायची किंवा ध्येयच बदलायचं. दोन्ही चालतं.

आमच्याकडे डाउन सिंड्रोम असलेली एक तरुणी होती. तिच्या घरून आलेल्या कागदावर ध्येय लिहिलं होतं: कपड्यांच्या घड्या घालणे. तिला विचारलं तेव्हा तिने चित्रांच्या गठ्ठ्यातून बंद दाराचं चित्र काढलं. आधी कुणाला काही उमगेना. आई म्हणाली, घरातल्या कुणावर तरी रागावली असेल. क्रम बदलून, दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या माणसाकडून विचारून पाहिलं. प्रत्येक वेळी तेच चित्र. शेवटी तिने अभिनय करून दाखवलं: ती कपडे बदलतेय आणि कुणीतरी धाडकन आत येतंय. तिला एवढंच हवं होतं, की तिच्या खोलीत येण्याआधी दार वाजवावं.

योजना तिचीच. दाराला दोरीने एक पाटी, एका बाजूला हिरवी, दुसऱ्या बाजूला लाल. हिरवी असली तरी दार वाजवायचं. लाल असेल तर बाहेर थांबायचं. पाटी तिने रंगवली, घरच्यांना नियम तिने समजावले. पहिल्या आठवड्याचा हिशोब मांडायला बसलो तेव्हा कळलं की बाबा पाटी पाळतात, आई विसरते. चूक तिची नव्हती, पण योजना तिची असल्यामुळे ती बदलायचा अधिकारही तिचाच. तिने खूप विचार केला आणि पाटी आईच्या डोळ्यांच्या उंचीवर, थेट कडीपाशी बांधली. आता कडीला हात लावायचा तर आधी पाटीला हात लागणार. मला हे सुचलं नसतं. कपड्यांच्या घड्या ती पुढे शिकलीच. कशासाठी, तर घडी केलेले कपडे आणून द्यायला कुणी खोलीत यायला नको म्हणून.

अशा प्रशिक्षणाचा रोजगाराशी संबंध जोडणारा अभ्यासही आहे. वेहमायर आणि मिशेल श्वार्ट्झ यांनी १९९७ मध्ये दाखवलं, की शाळेत असताना ज्यांची स्वयंनिर्णयाची पातळी जास्त होती, ते विद्यार्थी शाळा सोडल्यावर वर्षभराने पगारी कामावर असण्याचं प्रमाण जास्त होतं. निधी मागताना हा पुरावा मी हमखास पुढे करते. पण उद्या तो नसता, तरी त्या तरुणीच्या दाराचा प्रश्न तेवढाच महत्त्वाचा राहिला असता.

पालकांशी माझा सगळ्यात जास्त वाद होतो तो धोक्यावरून. आमच्याकडचा एक तरुण नोकरीला लागला आणि पहिला पगार त्याने पूर्णच्या पूर्ण हेडफोनवर घातला. महिनाअखेरीस मित्रांबरोबर बाहेर जायला पैसे उरले नाहीत, तो घरी बसला. घरच्यांनी त्याचं बँकेचं कार्ड काढून घ्यायचं ठरवलं. मी हात जोडून म्हटलं, काढू नका. भाडं आणि औषधं यांचे पैसे आधी बाजूला पडतील एवढी व्यवस्था त्याच्याशी बोलून करा, उरलेले त्याचे. पुढच्या महिन्यात त्याने काय केलं? स्पीकर घेतला, आणि पुन्हा घरी बसला. तो नाराज नव्हता. त्याला बाहेर जाण्यापेक्षा गाणी जास्त प्रिय आहेत, हे त्याच्या घरच्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं.

अमेरिकी लेखक रॉबर्ट पर्स्के यांनी १९७२ मध्ये धोका पत्करण्यातल्या प्रतिष्ठेबद्दल लिहिलं. फाजील जपणूक माणसाचा मान हिरावून घेते, हा त्यांचा मुद्दा. त्याच सुमारास स्वीडनचे बेंग्ट निर्ये बौद्धिक दिव्यांगता असलेल्यांच्या स्वयंनिर्णयाच्या हक्काबद्दल लिहीत होते. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये अशा व्यक्तींनी स्वतः संघटना उभारली. आम्हाला आधी माणूस म्हणून ओळखा, हे त्यांचं मागणं, म्हणून नाव ‘पीपल फर्स्ट’. पन्नास वर्षं झाली, तरी मी अजून “पण तो तयार आहे का?” या प्रश्नाला उत्तरं देत बसते. तयारी निर्णय घेत घेत येते. पोहायला शिकेपर्यंत पाण्यात उतरायचं नाही, असा नियम केला तर कुणी पोहायला शिकेल का?

“आमच्यामागे त्याचं कसं होणार?” ही आईवडिलांची काळजी मात्र मी कधीच हलक्यात घेत नाही. त्या काळजीपोटीच पुष्कळ जण सगळे अधिकार एका कायदेशीर पालकाच्या हाती देऊन टाकायला निघतात. संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये स्वीकारलेल्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कराराचं १२ वं कलम वेगळी दिशा दाखवतं: कायद्यापुढे दिव्यांग व्यक्ती इतरांइतकीच सक्षम, आणि ती क्षमता वापरायला लागणारा आधार देणं ही शासनाची जबाबदारी. २०१४ मध्ये कराराच्या समितीने आणखी स्पष्ट केलं, की दुसऱ्याने निर्णय घेण्याची पद्धत जाऊन तिथे आधारासह निर्णयाची पद्धत आली पाहिजे. पेरू या देशाने २०१८ मध्ये आपला कायदा त्या दिशेने बदलला.

आधार म्हणजे काय, हे प्रशिक्षणात शिकवावं लागतं, आणि ते दोन्ही बाजूंना. शिकणारा आपली माणसं निवडायला शिकतो: पैशाचं कुणाला विचारायचं, तब्येतीचं कुणाला, प्रेमाचं कुणाला. तिन्हींना एकच नाव क्वचितच येतं. आई बहुतेकदा तब्येतीच्या रकान्यात असते आणि प्रेमाच्या रकान्यात नसते, याचं तिला वाईट वाटतं, पण कोणत्या मुलाचं वेगळं असतं? घरच्यांना आणि काळजीवाहकांना आम्ही मुख्यतः थांबायला शिकवतो. प्रश्न विचारला की मनात दहापर्यंत मोजायचं. मधे शब्द पुरवायचा नाही, डॉक्टर आपल्याकडे पाहून बोलले तर शेजारच्या खुर्चीत बसलेल्या त्या व्यक्तीकडे हात दाखवायचा. हा भाग घरच्यांना सगळ्यात जड जातो. आणि तो वगळून फक्त दिव्यांग व्यक्तीला शिकवलं, तर ती रोज शिकलेली गोष्ट घेऊन अशा घरात परतते जिथे तिला काही विचारलंच जात नाही. यापेक्षा न शिकवलेलं बरं, असं मी ठामपणे म्हणते.

आमचे निम्मे तास आता एक सहप्रशिक्षक घेतात, ज्यांना स्वतःला बौद्धिक दिव्यांगता आहे. मी अर्धा तास खर्ची घालून जे समजावते, ते त्यांच्या एका वाक्याने पोचतं, कारण तो त्यांचा अनुभव असतो. त्यांना मानधन माझ्याइतकंच मिळतं. दिव्यांग व्यक्तीला मंचावर बोलावून फुलं देणाऱ्या आणि प्रशिक्षक मात्र सगळे बिगर-दिव्यांग ठेवणाऱ्या कार्यक्रमांवर माझा विश्वास नाही.

मागे एका पालकसभेत एका भावाने विचारलं, “आणि तिने या वर्गालाच नकार दिला तर?” दिला होता, त्याच्याच बहिणीने, थोड्याच दिवसांत. तिची समजूत काढा, असं तो आम्हाला म्हणत होता. आम्ही काढली नाही. पर्याय चित्रांत ठेवले, क्रम बदलून विचारले, उत्तर बदललं नाही. नकाराचं कारण तिने सांगितलं नाही, आम्ही मागितलंही नाही. ती घरी गेली, नाव पटावरून काढलं, परत यायचं असेल तर दार उघडं आहे हे तिला स्वतःला सांगितलं. त्यानंतर आमच्या प्रवेशअर्जात एक रकाना वाढला आहे: शिकणाऱ्याला स्वतःला यायचं आहे का, आणि हे तिला किंवा त्याला कुणी, कसं विचारलं. तो कोरा असेल तर आम्ही अर्ज घेत नाही.