एवढं मापाचं हाड, मग काठी कशाला?

"हाड छापून बसवलंय म्हणायलेत, मग काठी कशाला ओ अजून?" सोलापुरात नवी पेठेत दोन दुकानं ओलांडेपर्यंत एकदा तरी हे ऐकतोच. विचारलंत म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

छापलंय ते टायटॅनियम, थ्रीडी प्रिंटरवर. खुब्याच्या वाटीसकट कंबरेच्या हाडाचा तुकडा कॅन्सरच्या गाठीबरोबर काढला, त्या जागी ते आहे. माझ्या हाडाला टेकतं तिथं त्याला जाळी ठेवलीय, हाडानं आत शिरून धरावं म्हणून. पण पाऊल टाकताना कंबर तोलतात ते स्नायू. त्यातले काही गाठीबरोबर गेले, काही सोडवून पुन्हा शिवले. ते छापून मिळत नाहीत. म्हणून काठी.

मुंबईत डॉक्टरांनी टेबलावर माझ्याच कंबरेचं प्लास्टिकचं मॉडेल ठेवलं. सीटी स्कॅनवरून केलेलं, खऱ्या मापाचं. हाड पांढरं, गाठ लाल. बायकोनं मांडीवरची पर्स उचलून छातीशी धरली. मी लाल भागावर अंगठा ठेवला, तो पुरला नाही. डॉक्टर म्हणाले, "माप आजच्या स्कॅनचं. बनून यायला काही आठवडे जातील. तेवढ्यात गाठ वाढली तर कापायची रेघ बदलेल, मग हे बसायचं नाही." कॉन्ड्रोसार्कोमा, म्हणजे हा कूर्चेच्या पेशींचा हाडातला कॅन्सर, बहुधा सावकाश वाढतो म्हणाले, पण केमो-रेडिएशनला फारशी दाद देत नाही. म्हणजे तोवर नुसतं थांबायचं. दुसरा मार्गही सांगितला: जागा रिकामीच सोडायची. पाय आखूड होईल, पण आत परकी वस्तू नाही, जंतुसंसर्गाची भीती कमी. बायको म्हणाली, "तुम्ही बोला की." मी म्हटलं, "बसवा." हिंमत वगैरे काही नाही. आखूड पायानं दुकानाची पायरी चढताना लोक बघतील, एवढंच डोक्यात होतं.

मग ते आठवडे. रोज रात्री अंथरुणात कंबर दाबून बघायचो, जणू बोटांना कळणारच होतं.

बसलं. हाड नेमकं कुठं कापायचं ते दाखवणारे साचेही छापूनच आले होते.

लोक आताही बघतातच, मग तेव्हा कशाला घाबरलास, असं स्वतःला विचारतो. तो तेव्हाचा मी म्हणतो, पाय सारखे आहेत ना? आहेत. पंगतीत खाली बसवत नाही, पण उभा राहून गिऱ्हाइकाला चादर उलगडून दाखवतो. जागा रिकामी सोडली असती तरी कदाचित जमलं असतं; तशी माणसंही चालतात. आणि जखम चिघळून असा तुकडा काढावा लागलेलेही असतात. काय सांगू?

काठीचं एवढं विचारता, छातीच्या स्कॅनचं कुणी विचारत नाही. हा आजार पसरला तर बहुधा फुप्फुसात जातो. जानेवारीतली गड्डा यात्रा झाली की पुढची तारीख आहे. त्यानंतर विचारा.