मोकोरोत बसून रंगवलेला ओकावांगो

हत्ती काढून झाल्यावर वही पुढे बसलेल्या वहिनीच्या हातात दिली. तिने बघितलं आणि म्हणाली, "हा तर आपल्या मिरवणुकीतला. झूल तेवढी घालायची राहिलीय."

खरंच होतं. समोरच्या बेटावर आफ्रिकी हत्ती पाम ओरबाडत उभा होता आणि माझ्या हाताने मात्र इंटरमिजिएट परीक्षेपासून गिरवलेला, कमानदार पाठीचा आणि दोन उंचवट्यांच्या कपाळाचा हत्ती काढला होता. आफ्रिकी हत्तीची पाठ मध्ये खोलगट असते आणि सगळ्यात उंच भाग खांद्यापाशी. कपाळ सपाट. सोंडेच्या टोकाला आपल्या हत्तीला एक बोट, याला दोन. हे सगळं मला माहीत होतं, घरी वाचून गेले होते. हाताला माहीत नव्हतं. तुम्ही चित्रं काढायला जाणार असाल तर निघण्याआधी महिनाभर फोटोंवरून रोज दोन-चार हत्ती काढा, सवय मोडायला तेवढे लागतात.

आम्ही जुलैत बोत्स्वानाला गेलो. ओकावांगो नदी अंगोलाच्या डोंगरात उगम पावते, नामिबियाची पट्टी ओलांडून बोत्स्वानात शिरते आणि समुद्राला न मिळता वाळवंटातच पसरून संपते. अंगोलातल्या उन्हाळी पावसाचं पाणी सपाट जमिनीवरून सरकत सरकत माऊन या शहराजवळ पोचायला जून-जुलै उजाडतो. म्हणजे ऐन कोरड्या हिवाळ्यात त्रिभुज प्रदेश तुडुंब. रत्नागिरीत पाऊस आणि पूर एकाच आठवड्यात बघायची सवय, त्यामुळे डोक्यावर ढगाचा ठिपका नसताना चढणारं पाणी बघून गंमत वाटली. तिथल्या चलनाचं नाव 'पुला', म्हणजे पाऊस. हे तिथे गेल्यावर नीट कळतं.

मोकोरो म्हणजे एका झाडाच्या खोडातून कोरलेली अरुंद होडी. आता झाडं वाचावीत म्हणून बहुतेक फायबरच्या असतात, आकार तोच. एका मोकोरोत दोन प्रवासी आणि मागे उभा नावाडी. आमचा नावाडी बायेई समाजातला होता. तिथे पुरुषाला आदराने 'र्रा' आणि बाईला 'म्मा' म्हणतात. 'दुमेला र्रा', म्हणजे नमस्कार, म्हटल्याशिवाय कामाचं बोलायला लागू नका. माणसांची चित्रं काढायची असतील तर आधी विचारा, कोणी नाही म्हटलं नाही.

बसल्यावर डोळे पाण्यापासून जेमतेम दोन-अडीच फुटांवर येतात आणि चित्राची सगळी मांडणी बदलते. पाण्याची पट्टी अगदी बारीक दिसते, लव्हाळे आणि पपायरस आभाळात घुसतात. पाणी निळं रंगवायचा मोह टाळा. ते इतकं नितळ आहे की खाली बघितलं तर तळाचा तपकिरी रंग दिसतो, लांब बघितलं तर नुसतं आभाळ. मला यलो ऑकर, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन आणि एक थंड पिवळा एवढे रंग पुरले. १८ रंगांची पेटी उगीच वाहिली.

हवा इतकी कोरडी की पहिला वॉश, म्हणजे रंगाचा पातळ थर, कागदाच्या तळाशी पोचेपर्यंत वरचा कोपरा कडक झालेला. आमच्याकडे पावसाळ्यात अर्धा तास वाट बघावी लागते. पहिल्या दिवशीची चारही चित्रं डागाळली. दुसऱ्या दिवसापासून पोस्टकार्डाएवढा कागद आणि पाण्याची छोटी फवारणी बाटली वापरली, मग जमलं. तैलरंगवाल्यांनी टर्पेंटाइन नेऊ नये, विमानात चालत नाही. छोट्या विमानाने आतल्या तळावर जाणार असाल तर वजनाची मर्यादा साधारण २० किलो असते आणि पिशवी मऊ लागते, म्हणजे लाकडी इझल घरीच. पहाटे थंडीने बोटं आखडतात, बोटं उघडी राहतील असे हातमोजे न्या. ब्रश होडीबाहेर हात काढून धुऊ नका. पाणघोडे आणि मगरी दोन्ही आहेत. धुवायला आपली डबी ठेवा.

येताना अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे विमान असेल तर पीतज्वराच्या लशीच्या प्रमाणपत्राची चौकशी आधीच करा. लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते.

वेळ असेल तर गाडीने निम्मा दिवस खर्चून एत्शाला जा. अंगोलातल्या युद्धातून १९६० च्या दशकाच्या अखेरीस आलेले हांबुकुशू लोक इथे वसले आणि गावांना आकडेच नावं म्हणून मिळाली, एत्शा १ ते एत्शा १३. तिथल्या बायका मोकोला पामच्या पात्यांच्या टोपल्या विणतात. तपकिरी रंग झाडांची मुळं आणि साली उकळून काढतात. एका नक्षीचं नाव 'जिराफाचे अश्रू'. मी तासभर नुसती बघत बसले, वही उघडलीच नाही.

शेवटच्या दिवशी नावाड्याचं चित्र काढलं. त्याने बघितलं आणि हसला. "म्मा, असा उभा राहिलो तर पाण्यात पडेन." मी त्याला भाट्याच्या खाडीतल्या होडीवाल्यासारखा पुढे वाकवला होता, बांबू समोर तिरका. तो ताठ उभा राहतो, पाय फाकवून. लांब काठी, तिला न्गाशी म्हणतात, होडीच्या अगदी कडेला सरळ खाली सोडतो आणि अंगाचा भार टाकतो. काठी तिरकी होते ती होडी पुढे सरकल्यावर. चिखलातून सोडवताना मनगटाला छोटा पीळ देतो. त्याने तीन-चार वेळा सावकाश करून दाखवलं, तेव्हा कुठे तिसरं चित्र बरं आलं. वहिनी म्हणाली, "हा मात्र इथलाच."

त्याला ते हवं होतं, दिलं. म्हणून सांगते, सुटे कागद न्या. माझी वही दोन्ही बाजूंनी भरलेली होती आणि त्याच पानाच्या मागे पाण्यातून उधळलेला लाल लेचवे हरणांचा कळप होता, मागचे पाय लांब, पुठ्ठे खांद्यांपेक्षा उंच. सहलीतलं सगळ्यात चांगलं चित्र. आता माऊनला आहे, भिंतीकडे तोंड करून.