नेलपॉलिशपासून बांगड्यांपर्यंत, माझा अनुभव

मी ४१ वर्षांचा, पुण्यात राहतो, लग्न झालंय, आणि मला लहानपणापासून बायकांचे कपडे घालायला आवडतात. मी पुरुष आहे आणि पुरुषच राहायचंय, ट्रान्सजेंडर असणं ही वेगळी गोष्ट आहे, हे नीट कळायलाच मला बरीच वर्षं लागली. घरात दार लावून सगळं व्हायचं पण तसंच बाहेर पडायचं म्हटलं की पाय लटपटायचे.

आमचे बाबा कोणी घाबरला की "हातात बांगड्या भरल्यात का" म्हणायचे. आणि त्याच घरात बालगंधर्वांचं नाव निघालं की आजी हळवी व्हायची, त्यांचं बघून तेव्हाच्या बायका साडी नेसायला शिकल्या असं कौतुकाने सांगायची आणि बाबाही मान डोलवायचे. स्टेजवर चालतं ते रस्त्यावर का नाही, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही.

लग्नानंतर सहा वर्षांनी बायकोला सांगितलं. दोन दिवस ती बोलली नाही, तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मला वेळ दे, पण आता काही लपवू नकोस." त्यानंतरच खरी सुरुवात झाली.

पहिली पायरी म्हणजे पायाच्या बोटांना नेलपॉलिश. बूट-मोज्यांच्या आत, ऑफिसला. कोणाला दिसणार नव्हतं तरी दिवसभर छातीत धडधड. आठवड्याभरात ती थांबली. मग डोळ्यांत काजळ, अगदी बारीक रेघ, तेही कोणाच्या लक्षात आलं नाही.

पुढची पायरी पुण्यामुळे सोपी झाली. इथे स्कूटीवरच्या मुली तोंडाला स्कार्फ बांधून फक्त डोळे उघडे ठेवतात ना, तसाच मी बांधला, अंगात साधी सरळ कुर्ती, खाली जीन्स, वर हेल्मेट, आणि रात्री साडेनऊला कर्वे रोडवरून एक चक्कर मारली. वीस मिनिटं. कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. घरी आलो आणि रडलो, इतकं हलकं वाटलं.

असं पाच-सहा वेळा केल्यावर स्कूटीवरून उतरून चालायचं ठरवलं. तिथे गडबड झाली. स्कार्फ काढलेला, दोन इंच हिल्सच्या सँडल, चालीतच समजत होतं, एका बाईकवरून दोन पोरं ओरडली "अरे बाप्या आहे हा!" एवढंच, पुढे निघूनही गेली. पण मी तीन महिने कपाट उघडलं नाही. बायकोनेच एके दिवशी विचारलं, "कुर्ती इस्त्रीला टाकू का रे?" तेव्हा परत धीर आला.

त्यानंतर मी काही गोष्टी बदलल्या, नवीन कोणी सुरुवात करत असेल तर सांगतो. हिल्स नकोच, सपाट चप्पल, चालताना अर्धी भीती पायातच असते. दाढी गुळगुळीत केली तरी निळसर झाक राहते, तिच्यावर आधी लालसर-केशरी लिपस्टिक बोटाने थोडीशी पसरवायची आणि मग फाउंडेशन, झाक दबते. खांदे रुंद असतील तर गडद रंग, पाऊणबाही. डिकीत एक टीशर्ट कायम. लाईव्ह लोकेशन बायकोकडे. आणि निघायच्या आधी घरीच बाथरूमला जाऊन यायचं, बाहेर कुठल्या दारात शिरायचं हा प्रश्न आधीच मिटवायचा. मुख्य म्हणजे एका वेळी एकच नवीन गोष्ट, सगळं एकदम करायला गेलो की मन उसळतं आणि परत मागे जातं.

गेल्या महिन्यात तुळशीबागेत गेलो. कुर्ती, ओढणी, काजळ, आणि यावेळी चेहरा उघडा. बायको सोबत होती पण तिला म्हटलं तू जरा लांब उभी राहा. बांगड्यांच्या दुकानात एक वयस्कर काका होते. त्यांनी विचारलं, कोणासाठी? आवाज फुटेना. शेवटी म्हणालो, "माझ्यासाठी." त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग हाताकडे, म्हणाले, "दोन-दहा लागेल तुम्हाला. हात सैल सोडा."

अंगठा तळव्यात दुमडून, बोटं जवळ दाबून, एकेक हिरवी काचेची बांगडी त्यांनी चढवली. माझा हात थरथरत होता तर दोनदा थांबले, घाई केली नाही. चौथी कट्‌कन गेली. मी घाबरून सॉरी म्हणालो, ते म्हणाले, "वाढली, असू दे, दुसरी भरतो," आणि तिचे पैसे घेतले नाहीत. शेजारी एक बाई लेकीला घेऊन बसल्या होत्या, त्यांनी जरा सरकून मला जागा दिली.

दोन्ही हातांत सहा-सहा बांगड्या घेऊन मी लक्ष्मी रोडपर्यंत चालत आलो. येताना पूर्ण वेळ त्यांचा आवाज येत होता आणि मला तो लपवावासा वाटला नाही.

सोमवारी ऑफिससाठी साबण लावून काढल्या. एक मात्र ठेवलीये, फुल शर्टाच्या बाहीखाली.