उशाशी पिस्तूल, पलीकडच्या खोलीत मुलं

आमच्या घरी पिस्तुलाच्या आधी त्याची पेटी आली. ही माझी अट होती. नवऱ्याला पिस्तूल हवं होतं, मला नको होतं. वर्षभर वाद घालून झाल्यावर मी एवढंच म्हटलं, आधी पेटी आणू, ती पक्की बसवू, मुलांना उघडता येत नाही याची खात्री करू, मग दुकानात जाऊ.

आम्ही अमेरिकेत राहतो. भारतातल्या बऱ्याच जणांना हे वाचून धक्का बसेल. पण माझ्या माहेरीही बंदूक होती, आजोबांची बारा बोअरची, परवान्याची. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि आचारसंहिता संपली की परत यायची. एरवी माजघरात खुंटीला. काडतुसं आजीच्या ट्रंकेत, ट्रंकेची किल्ली आजीच्या कमरेला. आम्ही मुलं त्या बंदुकीला कधी शिवलो नाही असं आमच्या घरात आजही छातीठोकपणे सांगतात. मी शिवले होते. आठ वर्षांची होते, दुपारी सगळे झोपले होते, स्टूल ओढून चढले आणि चापावर बोट ठेवून पाहिलं. हे मी नवऱ्याला पहिल्यांदा सांगितलं ते या वादाच्या वेळी.

आमचं घर मिशिगन राज्यात, डेट्रॉइटच्या उपनगरात आहे. एच-वन-बी व्हिसावर असताना शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद सोडले तर बंदूक बाळगता येत नाही. ग्रीन कार्ड आलं की येते. आपल्या लोकांच्या मनात तो विचार येतो त्याचं मोठं कारण घरातलं सोनं. 2011 ते 2014 या काळात एका टोळीनं मिशिगन, टेक्सास आणि इतर काही राज्यांत भारतीय आणि आशियाई कुटुंबांची घरं हेरून, शस्त्रं रोखून दरोडे घातले. खटला डेट्रॉइटच्या फेडरल कोर्टात चालला. तेव्हापासून आमच्या ओळखीतल्या सगळ्यांचे दागिने बँकेच्या लॉकरमध्ये गेले, भीती मात्र घरातच राहिली. नवऱ्याची भीती खोटी आहे असं मी कधीच म्हटलं नाही.

माझी भीती दुसरी होती. आमच्यापासून गाडीनं तासाभराच्या आत ऑक्सफर्ड नावाचं गाव आहे. 30 नोव्हेंबर 2021 रोजी तिथल्या हायस्कूलमध्ये एका 15 वर्षांच्या मुलानं चार विद्यार्थ्यांना गोळ्या घालून मारलं. पिस्तूल त्याच्या वडिलांनी चारच दिवस आधी घेतलं होतं. खटल्यात दोन गोष्टी पुढे आल्या, त्या मी विसरू शकत नाही. पिस्तुलासोबत मिळालेलं केबलचं कुलूप प्लास्टिकच्या वेष्टनातून बाहेरच काढलेलं नव्हतं. आणि घरातल्या दुसऱ्या शस्त्रांच्या तिजोरीचा आकडा होता 0-0-0. आई-वडील दोघांनाही 2024 मध्ये 10 ते 15 वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी 13 फेब्रुवारीपासून मिशिगनमध्ये कायदा लागू झाला. घरात अल्पवयीन मूल असेल किंवा येण्याची शक्यता असेल, तर बंदूक कुलपाच्या पेटीत हवी, नाहीतर रिकामी करून तिलाच कुलूप लावलेलं हवं.

नवऱ्याचं म्हणणं सरळ होतं. रात्री दोन वाजता दार फुटलं तर किल्ली शोधत बसायचं का? उशाजवळच्या ड्रॉवरमध्ये, कपड्यांखाली ठेवू, मुलांना सांगायचंच नाही. अमेरिकेत असंख्य घरांत हेच चालतं. 2021च्या एका पाहणीनुसार इथली सुमारे 46 लाख मुलं अशा घरात राहतात जिथे भरलेली बंदूक कुलपाविना असते.

पण मुलांना कळतं. अलाबामात आई-वडिलांना आणि मुलांना वेगवेगळं बसवून विचारलं होतं. ‘आमच्या मुलाला बंदूक कुठे आहे ते ठाऊक नाही’ असं म्हणणाऱ्या पालकांपैकी 39 टक्क्यांची मुलं म्हणाली, आम्हाला ठाऊक आहे. अटलांटात 8 ते 12 वर्षांच्या 64 मुलग्यांना छोट्या गटांत एका खोलीत सोडलं होतं. तिथल्या ड्रॉवरमध्ये खरं पण निकामी केलेलं पिस्तूल होतं. 48 जणांना ते सापडलं, 30 जणांनी हाताळलं, 16 जणांनी चाप ओढला. आमचा मुलगा दहा वर्षांचा आहे. मुलगी पाच वर्षांची, पण तिच्याही बोटांत ताकद असते. दोन्ही हातांची तर्जनी लावली तर पाच-सहा वर्षांची बहुतेक मुलं बऱ्याच पिस्तुलांचा चाप ओढू शकतात. हे आकडे मी नवऱ्यासमोर ठेवले, पण तो गप्प झाला तो माझ्या स्टुलाच्या गोष्टीनं.

मग पेटीचा शोध. केबलचं कुलूप इथे पोलीस ठाण्यात फुकट मिळतं, पण त्यासाठी पिस्तूल रिकामं करून केबल आतून ओवावी लागते. साठवणीतल्या बंदुकीला ते चांगलं, उशाजवळ गैरसोयीचं, आणि गैरसोयीचं कुलूप चार दिवसांनी कोणी लावत नाही. नवऱ्याला बोटाच्या ठशानं उघडणारी पेटी आवडली होती, जवळजवळ मागवलीच होती. मी सरकारी रिकॉलची यादी काढली. ऑक्टोबर 2023 मध्ये अशा सुमारे 61,000 पेट्या परत मागवल्या होत्या, एका 12 वर्षांच्या मुलाच्या मृत्यूनंतर. दोष असा की मालकाचा ठसा नीट नोंदला गेला नसेल तर पेटी कोणाच्याही बोटानं उघडते, आणि मालकाला वाटत राहतं की ती आपल्यालाच ओळखते. काही महिन्यांत आणखी कंपन्यांच्या पेट्या त्याच कारणानं परत गेल्या. आकड्यांच्या इलेक्ट्रॉनिक पेट्यांत बॅटरी संपते, आणि काही स्वस्त पेट्या तर आपटल्या तरी उघडतात. दुकानात मी मॅनेजरला विचारून तीन पेट्या खरंच आपटल्या. एक उघडली.

शेवटी घेतली ती जाड पोलादाची, पाच यांत्रिक बटणांची. बॅटरी नाही, ठसा नाही, अंधारात बोटांनी चाचपून उघडते. पलंगाच्या चौकटीला आतून बोल्ट मारून बसवली, कारण उचलून नेता येणाऱ्या पेटीला पेटी का म्हणायचं? बटणांचा क्रम कोणाच्या वाढदिवसाचा नाही. मुलानं एकदा बाबाला बटणं दाबताना पाहिलं, त्याच रात्री आम्ही क्रम बदलला. पिस्तूल येण्याआधी पंधरा दिवस पेटीत मुलाचाच टॅब ठेवला आणि उघडून दाखव म्हटलं. त्यानं जिवाचा आटापिटा केला, उघडली नाही.

गोळ्यांवरून मात्र आमचं अजून जमलेलं नाही. इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं मत असं की लहान मुलांच्या घरात बंदूक नसणंच सर्वांत सुरक्षित, आणि असेल तर रिकामी, कुलपात, गोळ्या वेगळ्या कुलपात. मी त्यावर अडून बसले. गोळ्या क्लोजेटच्या वरच्या फळीवर दुसऱ्या पेटीत आहेत. रिकामं पिस्तूल घेऊन अंधारात सराव केला तेव्हा दोन्ही पेट्या उघडायला नवऱ्याला अर्ध्या मिनिटाच्या आसपास लागलं. त्याला हे फार वाटतं. मला ते अर्धं मिनिट हवं आहे. अमेरिकेत बंदुकीनं होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. मुलगा आणखी चार वर्षांनी चौदाचा होईल. तेव्हा त्याच्या मनात काय चाललंय हे मला दर वेळी कळेलच असं नाही. तो कधी मिटल्यासारखा वाटला तर पिस्तूल त्याच दिवशी घराबाहेर जाईल, हे आम्ही दोघांनी आत्ताच ठरवून ठेवलंय.

गेल्या वर्षी सासूबाई सहा महिने आल्या होत्या. त्या आल्या की घरातला एकही खण न आवरलेला राहत नाही, म्हणून पहिल्याच संध्याकाळी त्यांना पेटी दाखवली. त्या काही बोलल्या नाहीत. दसऱ्याला पाटावर सुऱ्या, विळी, नवऱ्याचा स्क्रू ड्रायव्हरचा डबा मांडून त्यांनी हळदकुंकू वाहिलं. ‘ते आतलं?’ असं नवऱ्यानं विचारलं तेव्हा म्हणाल्या, ‘ते आतच राहू दे.’

आणि आता पूर्वी माझ्या तोंडून न निघणारा प्रश्न निघतो. मुलं कोणाकडे खेळायला जाणार असतील तर मी आधी विचारते, ‘तुमच्याकडे बंदूक आहे का, आणि कुठे असते?’ पहिल्यांदा विचारताना घसा कोरडा पडला होता. समोरची आई शाळेतलीच, तीन वर्षं ओळखीची. ती म्हणाली, आहे, वरच्या कपाटात, मुलांना माहीत नाही. मी म्हटलं, मग आज तुझ्या मुलीला आमच्याकडे पाठव. आमच्याकडेही आहे, पण ती कशी ठेवली आहे ते तू आधी येऊन बघ.

ती आली, वाकून बोल्ट पाहिले, आणि पेटी कुठे मिळते ते लिहून घेतलं.