पाठीचा बाक सरळ होणार नाही, पण दुखणं कमी होतं

"पोक काढून बसू नकोस" हे वाक्य ज्यांनी लहानपणी रोज ऐकलंय त्यांच्यासाठी लिहितेय. माझ्या पाठीला वरच्या बाजूला बाक आहे, शॉयरमन कायफोसिस म्हणतात त्याला, होल्गर शॉयरमन नावाच्या डॅनिश डॉक्टरांनी शंभरेक वर्षांपूर्वी त्याचं वर्णन केलं म्हणून त्यांचं नाव. वाढीच्या वयात मणक्यांची पुढची बाजू मागच्या बाजूपेक्षा कमी वाढते, मणके पाचरीसारखे होतात आणि पाठ पुढे झुकते. एक्स-रेमध्ये लागोपाठ ३ मणके प्रत्येकी ५ अंश किंवा जास्त पाचरीसारखे झालेले दिसले की हे निदान करतात. म्हणजे हाडाचाच आकार तसा असतो. नुसतं "ताठ बस" म्हणून तो बदलत नाही आणि त्यात त्या मुलीचा आळस नसतो, हे घरातल्या मोठ्यांनी कृपया समजून घ्या.

नुसत्या सवयीने आलेला बाक वेगळा. पालथं झोपून छाती वर उचलली की तो बऱ्यापैकी सरळ होतो. माझा होत नाही, कडक आहे. त्यामुळे यूट्यूबवर "१५ दिवसांत कुबड घालवा" वगैरे दिसलं की मला मनापासून राग येतो, कारण मोठ्या वयात व्यायामाने हाडाचा आकार बदलत नाही, मग पोरी महिनाभर आरशात बघतात, फरक दिसत नाही आणि सगळंच सोडून देतात. आणि नेमकं तेव्हाच दुखणं वाढतं.

व्यायाम करायचा तो दुखण्यासाठी. पाठ पुढे झुकली की डोकं आणि खांदे पण पुढे जातात आणि ते सगळं वजन पाठीचे स्नायू दिवसभर मागे ओढून धरतात, म्हणून संध्याकाळी दोन्ही पात्यांच्या मधे आग होते. त्यात नजर समोर राहावी म्हणून कंबर जास्त आत वळते, म्हणून बाक वर असून कंबर दुखते, हे मला कळायला फार वेळ लागला. मांडीच्या मागचे आणि छातीचे स्नायू पण बहुतेकांचे आखडलेले असतात.

मी जे करते ते साधंच आहे. टॉवेलची घट्ट गुंडाळी बाकाच्या खाली आडवी ठेवून दोनेक मिनिटं उताणं पडायचं, हात बाजूला पसरून, डोक्याखाली पातळ उशी (ती नसेल तर मान मागे लटकते आणि दुखते). मग पालथं होऊन शलभासनासारखं, पण पाय जमिनीवर ठेवून फक्त छाती आणि हात थोडे उचलायचे. खिडकीच्या गजाला थेराबँड (व्यायामाचा ताणणारा रबरी पट्टा) अडकवून कोपर मागे ओढायचे, १० चे दोन-तीन सेट, माझ्यासाठी हा सगळ्यात कामाचा व्यायाम. शेवटी झोपून ओढणी तळपायाला लावून पाय सरळ वर. हलासन मी करत नाही, वाकलेल्या पाठीवर आणि मानेवर सगळा भार येतो. माझ्या योगाच्या बाईंनी ते लगेच मान्य केलं आणि त्याऐवजी लोड (गोल तक्क्या) देऊन दुसरं काहीतरी करून घेतात.

दुखत असताना करायचं का? माझ्या फिजिओने सांगितलेलं माप असं की १० पैकी ३-४ पर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पूर्वीसारखं शांत व्हायला हवं, नाही झालं तर सेट कमी करायचे, व्यायाम बंद नाही करायचा. प्रगती मी आरशात बघत नाही. किती वेळ न दुखता पोळ्या लाटता आल्या, स्कूटरवरून ऑफिसला पोचल्यावर पाठ कशी आहे, यावरून बघते.

आईला पण माझ्यासोबत करायचं होतं, पण तिच्या वयात बाक वाढतो तो बऱ्याचदा हाडं ठिसूळ होऊन मणके दबल्यामुळे, आणि तिथे नियम अजून कडक. १९८४ मधला एक अभ्यास आहे, अशा बायकांवरचा, फक्त पाठ मागे नेणारे व्यायाम करणाऱ्यांत नवीन मणके दबण्याचं प्रमाण १६ टक्के होतं आणि फक्त पुढे वाकणारे व्यायाम करणाऱ्यांत ८९ टक्के. अभ्यास छोटा होता, पण हे वाचल्यावर आईचे सिटअप्स आणि पायाचे अंगठे धरणं मी बंद केलं आणि हाडांच्या घनतेची तपासणी करून घेतली.

पायात मुंग्या किंवा अशक्तपणा, लघवीवरचा ताबा जाणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, वजन कमी होणं, यातलं काही असेल तर व्यायाम बाजूला ठेवून डॉक्टरकडे जा. आपल्याकडे मणक्याचा टीबी अजून आहे आणि त्यातही पाठीला बाक येतो.

एक गोष्ट मला फार धीर देऊन गेली. अमेरिकेत शॉयरमन असलेल्या ६७ लोकांना सरासरी ३२ वर्षांनी पुन्हा तपासलं, त्यांचा सरासरी बाक ७१ अंश होता, म्हणजे चांगलाच मोठा. त्यांची पाठ इतरांपेक्षा जास्त दुखत होती, कामंही कमी अंगमेहनतीची होती, पण शिक्षण, कामावरच्या सुट्ट्या, आत्मविश्वास यात फारसा फरक नव्हता.

आणि घरात १२-१३ वर्षांचं मूल असेल, पुढे वाकल्यावर पाठीवर टोकदार उंचवटा दिसत असेल तर ओरडू नका, ऑर्थोपेडिककडे न्या. ब्रेसचा (पाठीला आधार देणाऱ्या पट्ट्याचा) उपयोग हाडं वाढत असतात तोपर्यंतच होतो.